शहरासाठी धरण बांधायचं म्हणजे काय काय ठरवावं लागतं? गारगाई प्रकल्पाच्या निमित्तानं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळीचा तक्ता छापून येतो आणि सोसायटीच्या बैठकीत ठरलेला प्रश्न निघतो, ‘नवीन धरण का बांधत नाहीत?’ मुंबईसाठी रांगेत पुढे असलेलं धरण म्हणजे पालघर जिल्ह्यातलं गारगाई. लोक या प्रकल्पाबद्दल, आणि एकूणच शहरी पाणीपुरवठ्याच्या धरणांबद्दल, जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथला गुंता दोन ओळींत सुटणारा नाही.

मुंबईला आज पाणी कुठून येतं?

सात जलाशयांतून. विहार सगळ्यात जुना, १८६० सालचा. मग तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२). स्वातंत्र्यानंतर मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि शेवटी मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी मुंबईच्या हद्दीत, बोरिवलीच्या जंगलात आहेत. बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

सातही भरले की उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. त्यातला जवळपास निम्मा, म्हणजे ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसात असतो. विहार आणि तुळशी मिळून जेमतेम ३६ हजार भरतात. म्हणून जुलैत ‘तुळशी ओसंडून वाहू लागला’ ही बातमी वाचून हायसं वाटलं तरी शहराच्या पाण्याचा हिशोब त्यानं फारसा हलत नाही. नजर ठेवायची ती भातसावर आणि ऊर्ध्व वैतरणावर.

सगळे तलाव भरले तरी उन्हाळ्यात पाणीकपात का होते?

शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. भरलेल्या साठ्याला या आकड्यानं भागा, ३७६ दिवस येतात. १ ऑक्टोबरला तलाव काठोकाठ भरलेले असले तर पुढचं वर्ष कसंबसं निघतं. यात गाठीशी राखीव असं फारसं काही नाही. ऑक्टोबरला साठा पाच-सात टक्के कमी असला किंवा पाऊस जूनऐवजी जुलैत आला, की कपात ठरलेली. २०२३ मध्ये १ जुलैपासून १० टक्के कपात झाली. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के. दोन्ही वर्षी आधीचा पावसाळा कोरडा गेला होता असं नव्हे. पुरवठ्याचं गणितच इतकं ताणलेलं आहे, की थोडी कसर राहिली तरी ती नळापर्यंत पोचते.

गारगाई प्रकल्प नेमका काय आहे?

गारगाई ही वैतरणेची उपनदी. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ तिच्यावर सुमारे ६९ मीटर उंचीचं धरण बांधायचं, तिथून सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यानं पाणी मोडकसागरात सोडायचं आणि पुढे मोडकसागराच्या वाटेनं मुंबईला आणायचं, अशी योजना आहे. मिळणारं पाणी रोज ४४० दशलक्ष लिटर. मोडकसागरापासून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी उतारानं येतं, पंप लावावा लागत नाही. गारगाईची ही मोठी जमेची बाजू आहे आणि पर्यायांची तुलना करताना ती विसरून चालणार नाही.

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९९४ मध्ये मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे तीन स्रोत सुचवले होते. मध्य वैतरणा झालं. गारगाई २०२०च्या सुमारास झाडं आणि जंगलाच्या मुद्द्यावर बाजूला ठेवलं गेलं, मनोरीच्या निःक्षारीकरण (समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या) प्रकल्पाकडे मोर्चा वळला आणि काही वर्षांनी गारगाई पुन्हा पटलावर आलं.

‘रोज ४४० दशलक्ष लिटर’ हा आकडा येतो कुठून?

सगळा प्रकल्प या आकड्यावर उभा असतो, म्हणून तो कसा काढतात हे समजून घ्या.

आधी पाणलोट क्षेत्र मोजतात: धरणाच्या जागेच्या वर पडलेला पाऊस कुठून कुठून नदीत उतरतो. मग पर्जन्यमापकांच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी घेतात. नदीवर सरितामापन केंद्र असेल तर प्रत्यक्ष प्रवाहाच्या नोंदी मिळतात. नसेल तर शेजारच्या, सारख्या स्वभावाच्या नदीवरून अंदाज बांधावा लागतो. उदाहरणादाखल, शंभर चौरस किलोमीटरवर अडीच मीटर पाऊस पडला तर आभाळातून २५० दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी उतरलं. सह्याद्रीच्या उताराला त्यातलं साठ-सत्तर टक्के नदीला मिळेल, बाकी जमिनीत मुरेल, झाडं पितील, वाफ होईल.

असा प्रत्येक वर्षाचा येवा, म्हणजे नदीत आलेलं पाणी, काढून उतरत्या क्रमानं लावतात. सिंचनाच्या धरणाला ७५ टक्के विश्वासार्हता चालते, म्हणजे शंभरातली पंचवीस वर्षं पाणी कमी पडलं तरी प्रकल्प पास. पिण्याच्या पाण्याला ही सवलत नाही, तिथे ९५ ते १०० टक्के धरतात. एकाच नदीवर, एकाच जागी, सिंचनासाठी दाखवलेलं पाणी आणि पिण्यासाठी दाखवलेलं पाणी यात म्हणूनच मोठा फरक पडतो. कोणी आकडा सांगितला तर पहिला प्रश्न विचारा, किती टक्के विश्वासार्हतेचा?

आता साठा किती हवा ते पाहू. ४४० दशलक्ष लिटर गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला १६० दलघमी, साधारण पावणेसहा टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळ्याचे चार महिने नदी स्वतःच पुरवते, त्यामुळे साठवायचं ते उरलेल्या आठ महिन्यांचं, सुमारे १०७ दलघमी. त्यात बाष्पीभवन मिळवा. उन्हातान्हात जलाशयाच्या पृष्ठभागावरून वर्षाला मीटर-दीड मीटर पाणी उडून जातं. लांबलेल्या पावसासाठी राखीव धरा. तळाशी गाळासाठी मृतसाठा, म्हणजे वापरता न येणारं पाणी, सोडा. एवढं झाल्यावर पूर्ण संचय पातळी, म्हणजे जलाशय पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, ठरते आणि त्या पातळीवरून ठरतं कोणाचं घर बुडणार. ही उलटी साखळी ध्यानात ठेवावी. पुनर्वसनाच्या यादीत एखादं नाव असणं-नसणं हे मुळात पर्जन्यमापकाच्या नोंदी किती प्रामाणिक होत्या यावर ठरतं.

शहराची मागणी कशी ठरवतात? ती फुगवलेली असते का?

लोकसंख्या गुणिले माणशी पाणी, अधिक उद्योग-व्यवसाय, अधिक गळती. दिसायला सोपं आहे. केंद्राच्या मानकांनुसार भुयारी गटारं असलेल्या शहरांना माणशी १३५ लिटर आणि महानगरांना १५० लिटर धरतात. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. १५० लिटरनं गुणलं तर १,८६६ दशलक्ष लिटर होतात. आजची लोकसंख्या दीड कोटी धरली तरी २,२५०. पुरवठा आहे ३,८५०.

मधलं अंतर कुठे जातं? काही पाणी उद्योग, रुग्णालयं, हॉटेलं, रेल्वे, बंदर यांना लागतं, ते योग्यच आहे. पण गळती आणि चोरी मिळून पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी जातं, असं पालिकेचे अधिकारीही वेळोवेळी मांडत आले आहेत. पावच धरा: ३,८५०चा पाव म्हणजे ९६० दशलक्ष लिटर. दोन गारगाईंपेक्षा जास्त.

सरासरीत विषमता दडते, हेही इथेच बोललं पाहिजे. इमारतींसाठी माणशी १३५-१५० लिटरचं मोजमाप लावणाऱ्या शहरानं झोपडपट्टीसाठी ४५ लिटरचं मोजमाप वापरलं आहे. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही ते नाकारता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर दिला. नवीन धरणाचं समर्थन करताना ‘शहर तहानलेलं आहे’ असं म्हणायचं असेल, तर आलेल्या पाण्यातून आधी कोणाची तहान भागणार हे त्याच अहवालात लिहिलेलं असावं. आजवरच्या अहवालांत ही बाजू पातळच राहिली आहे आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

मग गळती थांबवा, धरण कशाला?

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. गळती शून्य करणं जगात कोणालाच जमलेलं नाही. १५ टक्क्यांपर्यंतची मानकातही गृहीत धरलेली असते. २५वरून १५वर आणली तर ३८५ दशलक्ष लिटर हाती येतात, म्हणजे जवळजवळ एक गारगाई, एकही झाड न तोडता आणि एकही गाव न उठवता.

पण हे काम दिसायला जितकं सोपं तितकं नाही. मुंबईत पाणी दिवसातून काही तासच येतं. नळात दाब असतो तेव्हाच गळती शोधता येते आणि तोच काळ लोकांच्या पाणी भरण्याचा असतो. रस्त्याखाली शंभर वर्षांच्या वाहिन्या आहेत, त्यांच्यावर वीज, गॅस, केबल यांचं जाळं आहे. प्रत्येक खोदकामाला वाहतूक विभागाची परवानगी लागते. पाणी नसताना रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते, म्हणून गळती हा आरोग्याचाही प्रश्न आहे. इतकं सगळं खरं असूनही, धरणाच्या कोनशिलेला मान मिळतो आणि गळती शोधणाऱ्या पथकाला मिळत नाही, म्हणून पैसा आणि माणसं तिकडे कमी जातात. गारगाईचं बजेट मंजूर करताना गळती-कपातीचं वर्षवार उद्दिष्ट त्याच ठरावात बांधून घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

धरणाची जागा कशी निवडतात?

नकाशावर दरी जिथे अरुंद होते आणि वरच्या बाजूला पसरट होते ती जागा पहिल्यांदा डोळ्यात भरते. छोटी भिंत, मोठा साठा. पण खरं उत्तर जमिनीखाली असतं.

त्यासाठी विंधन छिद्रं घेतात. हिऱ्याचं टोक असलेल्या नळीनं खडक कापत खाली जातात आणि दर दीड मीटरला गाभा बाहेर काढतात. मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या निघतात, त्या खणाखणांच्या लाकडी पेटीत क्रमानं मांडतात, प्रत्येक खणावर खोली रंगवतात. भूशास्त्रज्ञ पेटीपुढे उकिडवा बसून पट्टीनं कांड्या मोजतो. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे जितके जास्त, तितका खडक सलग. मध्येच गाभा निघालाच नाही, नुसता चुरा आला, तर त्या खोलीवर भेग किंवा कुजलेला थर आहे. आपल्या काळ्या पाषाणात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. कोरडा असताना तो घट्ट दिसतो, पाणी लागलं की भुसभुशीत होतो. धरणाच्या पायाखाली असा पट्टा निघाला तर तो खणून काढावा लागतो किंवा जागा सोडावी लागते. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात डाईकही खूप आहेत, म्हणजे जुन्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती. त्यांच्या कडेनं पाणी झिरपू शकतं. म्हणून छिद्रात दाबानं पाणी सोडून मिनिटाला किती लिटर शोषलं जातं तेही मोजतात. शोषण जास्त असेल तर सिमेंटचा द्राव दाबून भेगा बुजवायच्या.

प्रकल्प अहवालात विंधन छिद्रांचं परिशिष्ट असतं. ते बहुतेक जण वाचत नाहीत. अंदाजपत्रक मागाहून का फुगलं याचं कारण अनेकदा तिथेच सापडतं: छिद्रं कमी घेतली, पाया खणल्यावर खडक अपेक्षेपेक्षा खोल निघाला.

धरण मातीचं की काँक्रीटचं?

पाया, जवळपास मिळणारं साहित्य आणि सांडव्याला (जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेला) जागा यावर ठरतं. रुंद खोरं, चांगली माती आणि बाजूला खिंड असेल तर मातीचं धरण स्वस्त पडतं. अरुंद दरी आणि पक्का खडक असेल तर काँक्रीटचं. मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा हे रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं, १०२ मीटर उंचीचं धरण आहे. यात कमी सिमेंटचं कोरडसर काँक्रीट पातळ थरांत पसरून रस्त्यासारखं रोलरनं दाबतात, त्यामुळे काम झपाट्यानं उरकतं.

धरण फुटण्याचा धोका कितपत? भूकंपाचं काय?

पुण्यानं १२ जुलै १९६१ रोजी पानशेत पाहिलं आहे. मातीचं धरण, काम पुरतं उरकलेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही गेलं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. तिवरे लहान होतं, गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. दोन्ही घटनांतून नियोजकानं घ्यायचं ते हे, की वेळापत्रकाची घाई आणि देखभालीतली ढिलाई या दोन गोष्टी पुराइतक्याच घातक असतात.

मोठ्या धरणाचा सांडवा ‘संभाव्य महत्तम पुरा’साठी आखतात, म्हणजे त्या खोऱ्यात निसर्गनियमानं शक्य असलेला सर्वांत मोठा पूर. शंभर वर्षांतला पूर हे मोजमाप लहान धरणांना लावतात. सांडव्याची प्रतिकृती पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात पाणी सोडून तपासता येते. १९१६ पासूनची ही संस्था या कामात देशात अग्रगण्य आहे.

भूकंपाचा विचार महाराष्ट्राला टाळताच येत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, नंतर ते मजबूत करावं लागलं. जलाशय भरल्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण कोयनेचंच. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांचे धक्के बसत आले आहेत. गारगाईची जागा तिथून दूर असली तरी जिल्हा तोच आहे. त्या भागासाठी स्वतंत्र भूकंप अभ्यास करून तो गावांना मराठीत समजावून सांगणं ही किमान अपेक्षा आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यानं प्रत्येक निर्दिष्ट धरणाला आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. तो बांधकाम संपल्यावर नव्हे, पाणी अडवण्याआधी तयार हवा.

पावसाळ्यात धरणांतून पाणी ओसंडून समुद्राला जातं. ते वाया जात नाही का?

नाही. नदीला तिचं स्वतःचं काम असतं. पुराचं पाणी गाळ आणि वाळू खाली नेतं, पात्र धुऊन काढतं, वैतरणेच्या खाडीतला खारेपणा कमी करतं. खाडीतल्या मासेमारीला आणि काठच्या शेतीला ते लागतं. ज्या नदीवर एकामागून एक धरणं झाली आहेत तिथे तर उन्हाळ्यात खाली किती पाणी सोडायचं हे आराखड्यातच लिहून घ्यायला हवं. वैतरणेवर ऊर्ध्व, मध्य आणि मोडकसागर अशी तीन धरणं आधीच आहेत, गारगाई तिची उपनदी. सगळ्या खोऱ्याचा एकत्रित अभ्यास केल्याशिवाय एकेका धरणाचा परिणाम कळत नाही.

एवढ्या मोठ्या धरणाला पर्यावरण मंजुरी लागतेच ना?

बहुतेकांना धक्का बसतो, पण पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्प मोजले जातात ते वीजनिर्मितीच्या मेगावॅटवर आणि सिंचनाच्या हेक्टरवर. निव्वळ पिण्याच्या पाण्याचं धरण त्या यादीत बसत नाही. त्यामुळे तेवढीच जमीन बुडवणाऱ्या सिंचन प्रकल्पाला जी जनसुनावणी घ्यावी लागते ती शहराच्या पाण्यासाठीच्या धरणाला कायद्यानं लागत नाही. जंगलाला आणि गावाला पाणी कशासाठी अडवलं यानं फरक पडत नाही. ही पळवाट बुजवली गेली पाहिजे. तोवर पालिकेनं आपणहून पूर्ण मूल्यांकन करावं आणि वाड्यात जनसुनावणी घ्यावी, त्यात कायद्याची आडकाठी नाही.

इतर मंजुऱ्या मात्र लागतात. गारगाईच्या बुडीत क्षेत्रातली बहुतांश जमीन वनजमीन आहे आणि ती तानसा अभयारण्याशी निगडित आहे. म्हणून १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली दोन टप्प्यांची मंजुरी आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली राज्य व राष्ट्रीय वन्यजीव मंडळांपुढे प्रस्ताव, अशी वाट चालावी लागते. काही लाख झाडांचा प्रश्न आहे. भरपाई म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लावता येतात, पण वाड्याच्या जंगलातला जुना मोह आणि ऐन तिथे उगवत नाही.

बुडीतातल्या गावांना काय मिळतं? प्रक्रिया कशी असते?

गारगाईत सहा गावांचा प्रश्न आहे, काही थेट पाण्याखाली जाणारी, काही पाण्यानं वेढली जाऊन तुटणारी. वस्ती मुख्यतः आदिवासी. वाडा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासींसाठी विशेष संरक्षण असलेल्या, क्षेत्रात येतो, त्यामुळे पेसा कायद्यानुसार (अशा भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक आहे. २०१३चा भूसंपादन कायदा सांगतो, की अनुसूचित क्षेत्रातली जमीन घेणं हा शेवटचा उपाय असावा. मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, ग्रामीण भागात बाजारभाव वाढवून धरणारा गुणक, घर, जमिनीच्या बदल्यात जमीन, या तरतुदी त्याच कायद्यात आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याचे दावे निकाली काढल्याशिवाय कोणालाही वनजमिनीवरून उठवता येत नाही.

कागदावर हे भक्कम आहे. अडचण येते संयुक्त मोजणीच्या दिवशी. भूकरमापक, तलाठी, वनरक्षक, बांधकाम विभागाचा माणूस एकत्र गावात येतात. घराची लांबी-रुंदी टेपनं घेतात, भिंत कुडाची की विटांची, छप्पर कौलांचं की पत्र्याचं ते लिहितात. आंबा, फणस, साग मोजून खोडाचा घेर टिपतात. सातबारावर नाव आजोबांचं असतं, वारस नोंद झालेलीच नसते, चार भाऊ एकाच नोंदीत अडकतात. कसत असलेली जमीन वनपट्ट्याची असेल आणि दावा तहसीलमध्ये पडून असेल तर ती मोजणीच्या तक्त्यात ‘वन’ म्हणून जाते. ज्या मोहाची फुलं एखादी आजी चाळीस वर्षं वेचत आली तो मोह वनविभागाच्या हिशोबात उभा राहतो, तिच्या नाही. पंचनाम्यावर अंगठा उमटतो आणि पुढची वीस वर्षं त्या तक्त्याशी भांडण्यात जातात. म्हणून मोजणीच्या आधी वारस नोंदींचं शिबिर आणि वनहक्क दाव्यांचा निपटारा, हा क्रम बदलू देऊ नये. गावातल्या शिकलेल्या मुलांनी मोजणीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या वाचकांनी जाणून घ्यायलाच हवी. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, शेजारीच मोडकसागर आहे. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. धरणाची भिंत दिसते आणि हंडा डोक्यावर घेऊन डोंगर उतरावा लागतो. गारगाईच्या आराखड्यात परिसरातल्या गावांच्या नळयोजना धरणाआधी पूर्ण करण्याची अट नसेल, तर हेच चित्र वाड्यात उभं राहील. शहराला जाणाऱ्या पाण्यातला तो वाटा इतका लहान आहे, की नाही म्हणायला सबब उरत नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणं किंवा सांडपाणी शुद्ध करून वापरणं, हे पर्याय पुरेसे नाहीत का?

मनोरीला २०० दशलक्ष लिटरचा, पुढे ४०० पर्यंत वाढवता येणारा निःक्षारीकरण प्रकल्प आखला आहे. पावसावर अवलंबून नसलेला स्रोत म्हणून त्याचं मोल आहे. पण आजच्या तंत्रानं हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे २०० दशलक्ष लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट, कायमची. उरलेलं अतिखारं पाणी पुन्हा समुद्रात कुठे सोडायचं हा मच्छीमारांचा रास्त प्रश्न आहे.

मला जास्त आशा वाटते ती सांडपाण्याकडून. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथली सात नवी केंद्रं मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणार आहेत. यातलं निम्मं जरी बांधकाम, बागा, उद्योग, शीतकरण, फ्लशिंग यांना वळवलं तर तेवढं पिण्याचं पाणी मोकळं होईल. अडचण वाहिन्यांची आहे. शुद्ध केलेलं पाणी गिऱ्हाइकापर्यंत नेणारं वेगळं जाळं आज शहरात नाही, आणि त्याचं नियोजन केंद्रांच्या बांधकामाबरोबरच झालं तरच उपयोग.

धरण ठरल्यापासून नळाला पाणी यायला किती वर्षं लागतात?

मध्य वैतरणाची शिफारस १९९४ची, पाणी आलं २०१०च्या दशकात. वीस वर्षांच्या आसपास. बांधकामाला त्यातली चार-पाच वर्षंच लागली, बाकी काळ मंजुऱ्या, जमीन आणि पैसा यांत गेला. शिवाय धरण झालं म्हणजे पाणी आलं असं नाही. शुद्धीकरण केंद्राची क्षमता, बोगदे, सेवा जलाशय (शहरातल्या साठवण टाक्या) हे सगळं जोडीनं वाढवावं लागतं. भांडुपला रोज २,००० दशलक्ष लिटर क्षमतेचं नवं केंद्र हाती घेतलं आहे ते यासाठीच.

पिंजाळ आणि दमणगंगा जोडप्रकल्पाचं काय?

पिंजाळ जव्हार तालुक्यातलं, अपेक्षित पाणी रोज ८६५ दशलक्ष लिटर. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात भुगड आणि खारगीहिल इथे धरणं बांधून बोगद्यांनी पाणी पिंजाळला आणायचं, त्यातून १,५८६ दशलक्ष लिटर अपेक्षित आहेत. दमणगंगा गुजरातमध्येही वाहते, त्यामुळे हा प्रश्न दोन राज्यांचा आणि केंद्राचा. दोन्ही प्रकल्प गारगाईपेक्षा खूप लांबचे आहेत.

सामान्य नागरिकाला यातली कागदपत्रं कशी मिळतील?

वन आणि वन्यजीव मंजुरीचे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतात. तिथे प्रकल्पाचं नाव टाकून बुडीत क्षेत्राचा नकाशा, वनजमिनीचा तपशील, झाडांची मोजणी आणि मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं पाहता येतात. सविस्तर प्रकल्प अहवाल, विंधन छिद्रांचं परिशिष्ट आणि जलशास्त्रीय अभ्यास माहिती अधिकारात पालिकेच्या पाणीपुरवठा प्रकल्प खात्याकडे मागा. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, कागदाचं नाव आणि वर्ष लिहा. ग्रामसभेचे ठराव ग्रामपंचायतीकडे, वनहक्क दाव्यांची स्थिती उपविभागीय समितीकडे. जमलं तर अर्ज वाड्यातल्या गावकऱ्यांबरोबर मिळून करा. शहरातल्या अर्जाला पालिकेकडून आणि गावातल्या अर्जाला तहसीलकडून मिळणारी उत्तरं शेजारी ठेवली की बुडीताच्या यादीत कोणतं घर गळलं आहे ते सापडतं.